बाहुल्या पहिल्या कोर्टात हरल्या होत्या

प्रश्न : अमेरिकेतल्या शाळांमधला काळा-गोरा भेद ज्या खटल्याने मोडला, त्यात म्हणे बाहुल्या पुरावा म्हणून आणल्या होत्या. एवढ्यावर खटला जिंकता येतो? तो वकील कोण?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वकील थर्गुड मार्शल, बॉल्टिमोरचे, जन्म १९०८. बाहुल्यांची गोष्ट खरी आहे. पण त्या पहिल्या कोर्टात हरल्या, हे सहसा कुणी सांगत नाही.

दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या, काळ्यांसाठी एकही नाही. पालकांनी सुरुवातीला मागितली ती फक्त बस. पुढे मागणी वाढत शाळांपर्यंत गेली. दाव्यात ज्यांचं नाव पहिलं, त्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी तिथल्या सोळा काळ्या मुलांपुढे एक गोरी आणि एक तपकिरी बाहुली ठेवली. दहा जणांना गोरी आवडली. ‘वाईट दिसणारी कोणती?’ म्हटल्यावर अकरा जणांनी तपकिरीकडे बोट दाखवलं. म्हणजे वेगळ्या शाळांमुळे मुलं स्वतःलाच कमी लेखतात, असा हा पुरावा. मार्शल यांच्या काही सहकाऱ्यांना हा पोरखेळ वाटला. (मीही त्यांच्यातच बसलो असतो, कबूल करतो.) १९५१ साली चार्ल्सटनला तीन न्यायाधीशांपुढे पालक दावा दोन विरुद्ध एक असा हरले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयात तोच आणि त्यासारखे इतर दावे एकमताने जिंकले, तेव्हा निकालपत्रात क्लार्क यांचं नाव आलं ते अकराव्या तळटिपेत.

सदतीस वर्षं दिवाणी कोर्टात काढलेल्या माझ्यासारख्याला बाहुल्यांपेक्षा त्याआधीची मोजणी जास्त भावते. आमच्याकडे कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन टेप लावतो ना, तशी.

मार्शल यांच्या गावच्या मेरीलँड विद्यापीठात काळ्यांना कायदा शिकता येत नसे. म्हणून ते रोज बॉल्टिमोरहून रेल्वेने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जायचे. फीसाठी आईने अंगठ्या गहाण टाकल्या. १९३३ साली पहिल्या नंबराने पास झाले आणि दोनच वर्षांत गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्या जोडीला उभं राहून त्याच मेरीलँडचं दार एका काळ्या विद्यार्थ्यासाठी उघडून घेतलं. सोयी समान असतील तर काळ्यांना वेगळं ठेवायला तेव्हा कायद्याची हरकत नव्हती. गुरूंचा हिशेब पक्का होता : ‘वेगळं पण समान’ म्हणता ना, मग प्रत्येक वेळी दुसरं लॉ कॉलेज बांधून दाखवा!

टेक्सासने खरंच दाखवलं. पोस्टमन हेमन स्वेट यांना विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये घ्यायला नको, म्हणून १९४७ साली ऑस्टिनमध्ये तळघरातल्या खोल्यांत काळ्यांसाठी लॉ स्कूल काढलं. पुढे ते थोडं वाढलंही. मोजणी झाली : गोऱ्यांकडे सोळा पूर्णवेळ प्राध्यापक, ग्रंथालयात पासष्ट हजारांवर पुस्तकं, काळ्यांकडे पाच प्राध्यापक आणि साडेसोळा हजार पुस्तकं. १९५० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आकडे सोडा, विद्यापीठाचं नाव, माजी विद्यार्थ्यांची वट, हे तुम्ही कुठून आणणार? इथेच ‘समान’ या शब्दाची हवा गेली. बाहुल्या आल्या त्या भेगेत पाचर ठोकायला.

पुढचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयात बत्तीस खटले चालवले, एकोणतीस जिंकले. १९६७ साली तिथेच न्यायमूर्ती झाले, पहिले काळे न्यायमूर्ती. १९९१ला निवृत्ती, १९९३ला निधन.

आणि ते टेक्सासचं तळघरातलं लॉ स्कूल? ते बंद पडलं नाही. आज ते ह्यूस्टन शहरात आहे आणि पाटीवर नाव आहे थर्गुड मार्शल यांचं.