७४ वर्षांच्या आईला केमो झेपेल का?

तुम्ही विचारलंय: आईचा अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरलाय, आणि काका म्हणतात, 'या वयात केमो नको, द्यायचीच तर एकच हलकं औषध द्या.' माझ्या सासूबाई ७६ च्या होत्या तेव्हा आमच्याकडेही हेच चाललं होतं. मी डॉक्टर नाही, पण अठरा आठवडे त्यांच्या खाटेशी मीच होते.

डॉक्टरांनी वय एकदाच विचारलं. पुढे सगळे प्रश्न वेगळेच: आंघोळ स्वतः करता का, गोळ्यांचं कोण बघतं, वर्षभरात पडलात का, वजन किती उतरलं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाहिलं. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस किडनीच्या कामावर ठरतो, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दर वेळी सोबत न्या.

एकाच औषधाबद्दल काकांना हे सांगा. सत्तरीपुढच्या अशक्त बायकांवर ईवॉक-१ नावाचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. नुसतं कार्बोप्लॅटिन घेणाऱ्या बायका, सोबत पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषधही घेणाऱ्यांपेक्षा कमी जगल्या. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तीन आठवड्यांचा मोठा डोस झेपत नसेल, तर दोन्ही औषधं दर आठवड्याला थोडी थोडी देता येतात. आमच्याकडे तसंच दिलं. हे डॉक्टरांना नक्की विचारा.

पॅक्लिटॅक्सेलने पाय बधिर होतात. सासूबाईंच्या पायातून चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. पुढे हाताची बोटंही बधिर झाली, ब्लाउजचे हुक लागेनात. आम्ही उशिरा सांगितलं, तुम्ही लगेच सांगा, डोस कमी करता येतो. म्हाताऱ्या माणसाचं एक पडणं फार महागात जातं.

आणि ताप! मे महिना होता, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. सासूबाईंचं अंग तापलं, शेजारच्या काकू म्हणाल्या, ऊन लागलं. मीही कैरीचं पन्हं करून दिलं. संध्याकाळी थर्मामीटर लावला तर १०१. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी केमोने पार उतरल्या होत्या, पाच दिवस भरती ठेवावं लागलं. ती दुपार मी वाया घालवली, हे अजून मनातून जात नाही. केमो सुरू असताना १००.४ दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखान्यात फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. रेशन कार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी न्या.

तुमच्या प्रश्नात काका आहेत, पण आई काय म्हणते ते नाही. आम्हीही सासूबाईंना सगळ्यात शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, "मले देऊन त पाहा. नाही झेपलं त सांगीन मी."