सातच्या पायाशी पहिली ओळख

दहाऐवजी दुसऱ्या पायावर, म्हणजे स्थानांच्या किमती दहाऐवजी दुसऱ्या संख्येच्या घातांनी ठरवून, संख्या लिहायला शिकताना आपण थेट ऋण पायापासून (उदा. ऋण दोन) सुरुवात करू पाहता, हा उत्साह चांगलाच आहे. परंतु माझे ऐकाल तर पहिला महिनाभर सातच्या पायातच राहा. नागपुरात सीताबर्डीवर कुठेही मिळणारी चौकटींची वही घ्या आणि स्तंभांच्या डोक्यावर उजवीकडून १, ७, ४९, ३४३ असे लिहून ठेवा.

नागपूरच्या पिनकोडाचे पहिले तीन अंक, म्हणजे ४४०, उदाहरणादाखल घेऊ. सातने भागत गेल्यास बाक्या क्रमाने ६, ६, १, १ येतात आणि त्या खालून वर वाचल्या की ११६६ मिळते. नवशिके हमखास अडखळतात ते इथेच, कारण बाक्या मिळाल्या त्याच क्रमाने मांडून ते ६६११ लिहून बसतात. (मीही बसलो होतो.) ही संख्या ‘अकराशे सहासष्ट’ अशी वाचू नये, ‘एक एक सहा सहा’ म्हणावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. तेरा ही संख्या सातच्या पायात १६ अशी लिहिली जाते आणि शेवटी सहा असूनही ती विषमच राहते. सातचा प्रत्येक घात विषम असल्यामुळे येथे समविषमता शेवटच्या अंकावरून नव्हे, तर अंकांच्या बेरजेवरून ठरते. दहाच्या पायात नऊची कसोटी लागते (संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची नऊने भागल्यावरची बाकी एकच येते), तशी येथे सहाची लागते: १+१+६+६ म्हणजे १४, त्याला सहाने भागून बाकी २, आणि ४४० ची बाकीही २.

अशा वीस संख्या हाताने सोडवा, कॅल्क्युलेटर केवळ पडताळणीसाठी वापरा. ऋण दोनच्या पायात तीन ही संख्या १११ कशी होते, ते त्यानंतर पाहू.