पियानोची पट्टी सोडली तरी सूर थांबत नाही? आधी हे बघा

घाबरू नका, बहुतेक वेळा दुखणं किरकोळ असतं. पहिला प्रश्न: तो सूर अगदी उजवीकडचा आहे का? पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी सर्वांत वरच्या साधारण वीसेक सुरांना डॅम्पर, म्हणजे पट्टी सोडल्यावर तारेवर टेकून आवाज बंद करणाऱ्या गाद्या, नसतातच. ते घुमत राहणारच, त्यात बिघाड काही नाही. नवशिके इथेच फसतात.

सूर मधला किंवा खालचा असेल तर:

- सगळेच सूर रेंगाळताहेत? मग सगळे डॅम्पर एकदम उचलणारं उजवं पेडल पूर्ण सुटत नसणार.
- एकच असेल तर पट्टीकडे बघा. शेजारच्या पट्ट्यांच्या पातळीला ती परत येते का? अर्धवट खाली राहत असेल तर दमट हवेने लाकूड किंवा फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) फुगलं असेल, नाहीतर फटीत नाणं, पेन्सिल असलं काहीतरी अडकलं असेल.
- पट्टी नीट वर येते, तरी आवाज चालूच? झाकण उघडा आणि तो डॅम्पर बोटाने अलगद तारांवर टेकवा. आवाज तिथल्या तिथे बंद झाला तर चोर सापडला: डॅम्पर स्वतःहून पुरता बसत नाहीये. तरीही थांबला नाही, तर त्याचं फेल्ट कडक झालं असेल किंवा शेजारची दुसरीच तार घुमत असेल.

स्प्रिंग आणि लिव्हरच्या भानगडीत आत्ता शिरू नका. आणि तेल किंवा स्प्रे एक थेंबही नको! फेल्ट ते शोषून घेतं, मग छोट्या कामाचं मोठं काम होतं. डॅम्पर ज्या तारेवर बसवलेला असतो ती वाकवणं हे ट्यूनरचं काम. त्याला फोन करताना वरचं सगळं सांगा, त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचेल.