न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, जमिनीला शेकडो मालक असतील, तर तिथे दुग्धशेती कशी उभी राहते?
जमिनीची वाटणी न करता सर्व हिस्सेदारांच्या वतीने एकच न्यास किंवा निगम कारभार पाहतो, म्हणून ती उभी राहते. न्यूझीलंडच्या १९९३ च्या ‘ते तुरे फेनुआ माओरी’ कायद्यानुसार माओरी भूमी न्यायालय ‘आहुफेनुआ’ न्यास (मालकांच्या हितासाठी जमिनीचा कारभार पाहणारा न्यास) स्थापन करून विश्वस्त नेमते. कुरणे, कुंपणे, पाण्याची सोय आणि दूध काढण्याची शेड यांवरचा खर्च हे विश्वस्त ठरवतात, तर मालकी वंशपरंपरेने हिस्सेदारांकडेच राहते. खरी अडचण भांडवलाची आहे: विक्रीवर कायद्याचे कडक निर्बंध असल्यामुळे ही जमीन तारण म्हणून स्वीकारण्यास बँका सहसा कचरतात.