आधी मनातला आकडा, मग कॅल्क्युलेटर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चतुर्थीची खरेदी करायला पहिल्यांदाच जातोयस, तर अंदाज मनात बांधूनच जा. ४८ नारळ, ३७ रुपयांना एक: ५० गुणिले ४०, म्हणजे २०००. दोन्ही आकडे वर नेले, म्हणून बिल त्याहून कमीच येणार, १७७६ येतं. पैसे न्यायला असा चढा अंदाजच बरा. माल पुरेल का बघताना मात्र (किती पिशव्या, एकीत किती नग) दोन्ही आकडे खाली उतरव.

खरी गोची एक वर, एक खाली गेला की होते. ४८ गुणिले ३२ चे ५० गुणिले ३० केलेस, १५०० आले. चढा की उतरता? ४८ चे ५० करताना २ गुणिले ३२, म्हणजे ६४ वाढले, मग ३२ चे ३० करताना ५० गुणिले २, म्हणजे १०० गेले. म्हणजे ३६ कमी. हे दोन-चारदा स्वतः करून बघच.