टाकी राहू दे, आधी बॉलकॉक बघा

प्रश्न: दादा, आमची बिल्डिंग पुण्यातली, पंचवीसेक वर्षं जुनी, वापरायचं पाणी बोअरचं. कमोडच्या फ्लश टँकमधून दिवसरात्र बारीक धार चालूच असते, रात्री तर त्या सूंऽऽ आवाजाने झोप लागत नाही. प्लंबरने झाकण उघडून बघितलं न बघितलं आणि म्हणाला अख्खी टाकीच बदला, साडेतीन हजार. खरंच बदलावी लागेल का?

उत्तर: ताई, इतकी घाई नको. झाकण उघडा, आत एक उभा पाइप दिसेल, तो ओव्हरफ्लोचा. पाणी त्याच्या तोंडातून आत पडत असेल तर बॉलकॉक (पाणी भरलं की तरंगत्या गोळ्याने बंद होणारा टाकीतला नळ) बंद होत नाहीये. पातळी त्या तोंडाच्या खाली असूनही कमोडमध्ये धार येत असेल तर तळाचं रबर गेलंय, मग बॉलकॉक कितीही बदला, गळती तशीच राहणार. सतत सूं म्हणताय म्हणजे मला तरी बॉलकॉकच वाटतोय, कारण तळाचं रबर गळत असलं की बहुतेक वेळा मधूनच भरल्याचा आवाज येतो आणि थांबतो.

आता तो गोळा हाताने वर उचला. पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, दांडीचा स्क्रू फिरवून (दांडी पितळी असेल तर किंचित खाली वाकवून) पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली इंचभर आणा, झालं काम. गोळा काढून हलवून पण बघा, आत पाणी खळखळलं तर तो तरंगणारच नाही, नुसता गोळा बदला. आणि उचलूनही धार चालूच असेल तर आतला वायसर झिजलाय नाहीतर बोअरच्या पाण्याचा क्षार साचलाय. जुन्या पितळी बॉलकॉकचा वायसर काही रुपयांत मिळतो, क्षाराला व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवणं पुरतं. प्लास्टिकचा असेल तर मी तरी नवीनच टाकतो, उगाच किती वेळ घालवायचा.

बदलताना जुना काढून दुकानात घेऊन जा, कारण पाइप कुठे बाजूने येतो कुठे खालून, आणि नुसतं अर्धा इंची सांगून चुकीचाच हातात पडतो. तो काढायच्या आधी अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करायचा पण इतका जुना असेल तर जोर लावू नका, तुटून हातात आला की बाथरूमभर कारंजं, त्यापेक्षा गच्चीवरून तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या. नवीन बसवताना नट हाताने आवळा, वर पान्याने पाव फेरा बास, टाकी चिनी मातीची असेल तर जास्त आवळून तडकते. रबर वायसर असलेल्या नटला टेफ्लॉन गुंडाळायची गरज नाही, तिथे पाणी वायसरच अडवतो.

आणि हो, ही बारीक धार मिनिटाला एक ग्लास (200 मिली) धरली तरी दिवसाला 288 लिटर होतात, म्हणजे हजार लिटरच्या टाकीतलं पावेक पाणी सरळ ड्रेनेजमध्ये. फ्लशच्या टाकीलाच चीर गेली असेल तर मात्र प्लंबरचं ऐका.