आधी तिची वही परत द्या

पत्र एका वडिलांचं आहे, थोडक्यात देते. "मुलगी १७ वर्षांची. तिला गेम डिझायनर व्हायचंय. दीड वर्ष झालं, एका वहीत महाकाय रोबोटांच्या लढाईचा गेम लिहितेय, १४० पानं झाली. पण खेळणाऱ्याला आपल्या रोबोटमध्ये किती बदल करू द्यायचे, या एका प्रश्नावर आठ महिने घोडं अडलंय. कधी म्हणते सगळंच बदलू द्यायचं, कधी म्हणते काहीच नाही. मी तिला एक महिना दिलाय. उत्तर ठरवलंस तर गेम डिझाइनला घालतो, नाहीतर मेकॅनिकलचा फॉर्म भरायचा, रोबोट तिथेही आहेतच. अभ्यास व्हावा म्हणून वही सध्या माझ्याकडे ठेवलीय. मागच्या परीक्षेत ७१ टक्के. आई म्हणते रात्री उठून बसते. तुम्ही योग्य उत्तर सांगा म्हणजे विषय संपेल. दोन पानांचे फोटो जोडलेत."

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "वही सध्या माझ्याकडे ठेवलीय" या वाक्यावर थांबले. मार्कांचं सोडा, ७१ टक्क्यांत काळजी करण्यासारखं काही नाही. पण तुम्ही मुलीला सांगितलंत की महिन्याभरात उत्तर काढ, त्यावर तुझं पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि ज्या वहीत ते उत्तर शोधायचं ती वहीच काढून घेतलीत. मग ती रात्री उठून बसणार नाही तर काय करणार? अभ्यासासाठी वही घेतली म्हणता, पण अभ्यास तरी होतोय का, हे तुम्ही पत्रात कुठे लिहिलेलं नाही. मला वाटतं होत नसणार. डोक्यात जे अर्धवट राहिलंय ते वही कपाटात ठेवल्याने डोक्यातून जात नाही, उलट जास्त घोळत राहतं. तर बाकीचं नंतर वाचा, आधी उठून वही परत द्या. आणि ती महिन्याची अट मागे घेतली असं तिला तोंडाने, स्वतः सांगा. आईमार्फत नको.

अट का मागे घ्यायची तेही सांगते. तुम्हाला वाटतंय या प्रश्नाचं एक बरोबर उत्तर आहे, ते तज्ज्ञ लोकांना माहीत असतं आणि हुशार मुलीला ते बसल्या जागी सुचायला हवं, नाही सुचलं म्हणजे तिच्यात तो वकूब नाही. हा गैरसमज मी खूप पालकांमध्ये बघते, गेम डिझाइन म्हणजे भारी आयडिया सुचणं. खरं काम म्हणजे नियम लिहायचा, आकडे मांडायचे, कोणाला तरी खेळायला बसवायचं, गप्प राहून बघायचं, घरी येऊन एक आकडा बदलायचा आणि परत खेळायला बसवायचं. आणि तुमच्या मुलीला पडलेला हा प्रश्न पगार घेऊन हेच काम करणाऱ्या लोकांनाही चाळीस वर्षं पडतोय, तुम्ही तिला त्याच्यासाठी तीस दिवस दिलेत.

चाळीस वर्षं हे उगाच म्हणत नाही. १९८४ला अमेरिकेत फासा नावाच्या कंपनीने टेबलावर फासे टाकून खेळायचा महाकाय रोबोटांच्या लढाईचा खेळ काढला, पुढे तो बॅटलटेक या नावाने गाजला. त्यात २० टनांपासून १०० टनांपर्यंतचे रोबोट, आणि वजनात बसेल ते शस्त्र लावून आपला रोबोट आपण बनवायचा. आता त्यातली दोन शस्त्रं बघा, मुलीलाही दाखवा, तिला लगेच कळेल. सगळ्यात मोठी ऑटोकॅनन, म्हणजे तोफ, १४ टनांची, २० मार करते, ७ उष्णता वाढवते, वर गोळ्यांचा किमान १ टन, त्यात फक्त ५ गोळ्या. मीडियम लेझर १ टनाचा, मार ५, उष्णता ३, गोळ्या लागतच नाहीत. चार लेझर लावले की ४ टनांत तेवढाच २० मार, उष्णता १२. जास्तीच्या ५ उष्णतेसाठी एकेक टनाचे ५ हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे भाग, धरले तरी ९ टनांत काम भागलं, तिकडे १५. आणि दोन्हींचा पल्ला सारखाच, ९ घरं. मग ती तोफ घेणार कोण?

घेतात, कारण फासे. टेबलावर प्रत्येक शस्त्राचा मार कुठे लागला यासाठी वेगळे फासे पडतात. चार लेझर म्हणजे एक हातावर, एक पायावर, दोन छातीवर, असं विखुरतं. तोफेचे २० मात्र एकाच जागी. पायलट रोबोटच्या डोक्यात बसलेला, डोक्याला जास्तीत जास्त ९ चिलखत आणि आतला सांगाडा ३, म्हणजे १२. तोफ डोक्यावर बसली की संपलं, एका लेझरने तसं होत नाही. म्हणून दोन्ही शस्त्रांना जागा राहते.

आता हाच खेळ कॉम्प्युटरवर आणा. माऊसने नेम धरता येतो, सगळे लेझर एकाच ठिपक्यावर लागतात. फासे गेले, विखुरणं गेलं, तोफेचं वेगळेपण गेलं. बदल करायचे नियम तेच, पण टेबलावर जे चाललं ते स्क्रीनवर फाटलं. मेकवॉरियर ही बॅटलटेकवरूनच काढलेली कॉम्प्युटर गेमची मालिका, तिच्या १९९५च्या दुसऱ्या भागात जवळजवळ काहीही कुठेही लावता यायचं. २०००च्या चौथ्या भागात जागांना प्रकार ठरवून दिले, इथे ऊर्जेचं शस्त्र, इथे तोफ, इथे क्षेपणास्त्र. २०१३ला ऑनलाइन आवृत्ती आली तेव्हा जागा ठरवूनही पुरलं नाही, एकाच जातीची खूप शस्त्रं एकदम डागली तर जास्तीची उष्णता चढेल असा आणखी एक नियम घालावा लागला. दरवेळी कुलूप वाढवत गेले. हे सगळे अनुभवी लोक होते बरं का, त्यांनाही आधी खेळून चुकावं लागलं.

आता तुम्ही पाठवलेले फोटो. हे तुम्ही नीट बघितलेत का? पहिल्या पानावर रोबोट काढलाय, त्याला सहा जागा आणि प्रत्येक जागेसाठी दहा भागांची यादी. दुसऱ्या पानावर शस्त्रांचा तक्ता, पेनाने, वजन, मार, उष्णता. त्याच्या उजवीकडे पेन्सिलने एक जास्तीचा रकाना ओढलाय, मूळ तक्त्यात नव्हता, नंतर सुचलेला दिसतो. त्यात तिने प्रत्येक शस्त्राचा टनामागे मार किती ते भागाकार करून काढलंय. तिसऱ्या ओळीतल्या छोट्या लेझरला गोल करून बाण काढलाय आणि समासात लिहिलंय, "मग सगळे हेच घेणार ना??" दोन प्रश्नचिन्हं. मधे दोनदा खोडलंय, परत तेच लिहिलंय.

तुम्हाला ती अडकलेली दिसली. मला त्या समासात एक डिझायनर दिसली, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. पर्याय जितके जास्त तितकी विविधता जास्त असं सगळ्यांना वाटतं, खेळणाऱ्यांना तर नक्कीच वाटतं. होतं उलटं. सगळं मोकळं सोडलं की लोक हिशोब करतात, सगळ्यात फायद्याचा रोबोट शोधून काढतात, एकमेकांना सांगतात, आणि मग मैदानात सगळीकडे तोच एक रोबोट दिसतो, रंग वेगळे एवढंच. १७व्या वर्षी, कोणी न शिकवता, भागाकार करून हे तिला दिसलं. तिच्या सहा जागा आणि प्रत्येक जागेला दहा पर्याय, म्हणजे दहाचा सहा वेळा गुणाकार, १०,००,००० वेगवेगळे रोबोट होतात आणि त्यातले बहुतेक कोणी कधी बनवणारच नाही, तरी तपासावे सगळे लागणार. म्हणून ती "सगळं" आणि "काहीच नाही" यांच्यात हेलकावे खातेय. दोन्ही बाजू तिला दिसतात, म्हणून वेळ लागतोय.

मेकॅनिकलबद्दल एवढंच, रोबोट आवडतात म्हणून मेकॅनिकल हे म्हणजे हॉस्पिटलवरच्या मालिका आवडतात म्हणून डॉक्टर. तिने १४० पानांत एकही गिअर काढलेला नसणार, तिला रस नियमांत आहे. कॉम्प्युटर, गणित, डिझाइन हे नेहमीचे रस्ते आणि त्यांच्या प्रवेश परीक्षा तुम्हाला माहीतच आहेत, त्यातली कुठलीही व्यापक पदवी चालेल. नुसत्या "गेम डिझाइन" नावाच्या महागड्या कोर्सला मात्र तिथल्या मुलांनी बनवलेले गेम स्वतः खेळून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. या धंद्यात स्थैर्य कमी आहे हेही लपवत नाही, २०२३ आणि २०२४मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो लोकांना काढलं. म्हणून पदवी व्यापक हवी म्हणतेय. तुमची ही काळजी खोटी नाही, त्या काळजीपायी तुम्ही जी अट घातलीत ती चुकीची आहे.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

बाळा, तुझा प्रश्न खरा आहे, पण तुझं चुकतंय तेही सांगते. १४० पानं आणि एकही डाव खेळलेला नाही, निदान पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही. हे उत्तर वहीत नाहीच आहे, तू कितीही पानं लिही. तू विचारतेस किती बदल करू द्यायचे, त्याआधी ठरव की तुझ्या खेळाची मजा नक्की कुठे आहे, गॅरेजमध्ये, म्हणजे रोबोट जोडताना, की मैदानात, म्हणजे लढताना. आर्मर्ड कोअर ही रोबोटांच्या व्हिडिओ गेमची मालिका १९९७पासून गॅरेजचा खेळ आहे, भाग जोडणं काढणं हाच अर्धा खेळ, २०२३च्या सहाव्या भागात तर विकत घेतलेला भाग त्याच किमतीला परत विकता येतो, म्हणजे हवे तेवढे प्रयोग कर, नुकसान नाही. तिथे मोकळीक हवीच. टायटनफॉल हा दुसरा रोबोटांचा व्हिडिओ गेम उलट गेला. २०१४च्या पहिल्या भागात रोबोटचे तीन सांगाडे आणि शस्त्र आपल्या आवडीचं, २०१६च्या दुसऱ्या भागात सुरुवातीला सहा ठरलेले रोबोट, प्रत्येकाचं शस्त्र ठरलेलं, बदल अगदी थोडे. का, तर धावपळीच्या लढाईत समोरचा रोबोट दिसल्या दिसल्या कळायला हवं की हा काय करणार आहे. कोणाच्याही हातात काहीही असलं की तुम्ही का हरलात तेच कळत नाही, आणि का हरलो ते न कळणं, याच्याइतका राग खेळणाऱ्याला दुसऱ्या कशानेच येत नाही.

तुझा खेळ माणसाविरुद्ध माणूस आहे की कॉम्प्युटरविरुद्ध, यावरही खूप ठरतं. एकट्याने खेळायच्या गेममध्ये कोणी राक्षसी रोबोट बनवून सगळं भुईसपाट केलं तर करू दे, त्याची मजा त्याला, दुसऱ्याचं काही बिघडत नाही. दोघांच्या खेळात तेच अन्याय होतं. मधला रस्ताही आहे, बॅटलटेकमध्येच पुढे १९९०ला असे रोबोट आले की इंजिन, चिलखत, सांगाडा कायमचे ठरलेले आणि फक्त शस्त्रांच्या जागा मोकळ्या. त्यामुळे चपळ रोबोट चपळच राहतो, त्याची ओळख जात नाही, आणि तरी तो माझा वाटतो. मला स्वतःला हाच प्रकार सगळ्यात जास्त पटतो. रंग, चिन्हं, नावं मात्र हवी तेवढी बदलू दे, फक्त शस्त्र लांबून ओळखू आलं पाहिजे.

आता काम. वहीतून फक्त दोन रोबोट काढ, पूर्ण ठरलेले, काहीही बदलता येणार नाही असे. कागद, फासे, बटणं जे असेल ते घे आणि मैत्रिणीबरोबर पाच डाव खेळ. त्यातच मजा येत नसेल तर गॅरेज कितीही मोठं केलंस तरी खेळ वाचणार नाही, मग आधी लढाई दुरुस्त कर. मजा आली तर एकच जागा मोकळी कर, तीन पर्याय ठेव, परत पाच डाव. मग दुसरी जागा. प्रत्येक डावात कोणी काय घेतलं आणि कोण जिंकलं ते लिहीत जा. सगळे एकच भाग घ्यायला लागले की थांब, तो भाग महाग कर किंवा काढ, आणि परत खेळ. कमीपासून सुरुवात करायला सांगतेय कारण नंतर मोकळीक वाढवली की लोक खूश होतात, पण दिलेली काढून घेतली की प्रचंड चिडतात. तुझ्या वहीच्या बाबतीत ते तू आत्ता अनुभवतेच आहेस.

पुढे कुठे प्रवेशाला किंवा कामाला गेलीस तर १४० पानं कोणी वाचणार नाही, हे डावांचे कागद मात्र वाचतील, कारण त्यात तू काय बघितलंस आणि मग काय बदललंस ते दिसतं. हे अभ्यास सांभाळून, आठवड्यातून दोन संध्याकाळी, तेवढ्या पुरतात. आणि रात्री झोप काढ.

परत बाबांसाठी. दहा डाव झाले की मला तो कागद पाठवा, तेव्हा पुढचं बोलू, अभ्यासक्रमाचंही तेव्हाच. त्या दहातला एक डाव तुम्ही खेळायचा आहे. तुम्हाला यातलं काही माहीत नाही म्हणूनच तिला तुमचा उपयोग आहे, नियम कुठे कळत नाहीत ते तुमच्याकडूनच कळेल. खेळताना सल्ला द्यायचा नाही, तिला करिअरबद्दल काही विचारायचं नाही, फक्त खेळायचं. हरलात तर पुढच्या डावात आपल्या रोबोटचा कुठला भाग बदलावासा वाटला, तेवढं तिला सांगा.